नवसूची नखं

सगळे मेकॅनिक काम झालं की हात धुतात. आमचा नवसू कामाआधी धुतो. साबण, मग राख, पुन्हा साबण आणि नखांना दात घासायचा जुना ब्रश. काम संपलं की मात्र तशाच काळ्या हातांनी भाकरीला बसतो. "इंजिनात कचरा गेला तर इंजिन मरतं. माझ्या पोटात गेला तर पोट बघून घेतं," असं त्याचं म्हणणं.

साखरशेत गावात आमची घरं शेजारीशेजारी. दाभोशाच्या धबधब्याला जाणाऱ्या जीपगाड्या दुरुस्त करता करता त्याची पासष्टी उलटली. लग्न केलंच नाही. त्यात माझाही थोडा हात आहे. मी विशीत असताना त्याचं मागणं आलं होतं. सातवी पास होते, म्हणजे स्वतःला कलेक्टरच समजत होते. मधल्या माणसाला ठसक्यात सांगितलं, काळ्या नखांचा नवरा मला नको. मग पांढऱ्या नखांचे मास्तर केले. ते होते तोवर त्यांच्या सायकलची साखळी पडली की दारातूनच नवसूला हाक मारत.

माझं बोलणं मधल्या माणसाने गोड करून पोचवलं असेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

यंदा नवसूने नाशिकच्या एका डॉक्टरांचं इंजिन बांधायला घेतलं. रस्त्यावरची नाही, नुसती शर्यतीच्या ट्रॅकवर पळणारी गाडी. चार सिलिंडर, वर जादा हवा कोंबणारा टर्बो आणि चारशे घोड्यांची ताकद. मी विचारलं, एवढे घोडे चार सिलिंडरमध्ये राहतात कसे? म्हणाला, "दाटीने."

पहिल्यांदा बांधलं ते दहा मिनिटांत जाम झालं. उघडलं तर तेलाच्या वाटेत नागलीचं फोलपट. झोडणीचे दिवस आणि खळं त्याच्या शेडला लागून. डॉक्टर म्हणाले, आता आणखी एकदाच बघू. खोडाळ्याच्या बाजारात जीपवाले हसले की म्हातारा आता पंक्चरच काढणार. दोन दिवस त्याने शेड उघडली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या ओट्याखाली उभा.

"सुनीची आय, तुझी आतली खोली आठ दिवस दे. तुझ्या घरात धूळ टिकत नाही."

दिली. त्याने खोलीत मच्छरदाणी बांधली. इंजिन आत, नवसू आत, मी बाहेर. चूल फुंकायची नाही, नागली दळायची नाही, केरसुणीला तर हातच लावायचा नाही. पिस्टनच्या रिंगा बसवताना तो त्यांच्या टोकांमधलं अंतर पातळ पत्तीने मापायचा. "टर्बो लई तापवतो. टोकं भिडवली तर फुगून मोडतात. जागा ठेवाय लागते." मी म्हटलं, हे माझ्या लग्नात कोणी सांगायला हवं होतं. तो हसला नाही. माप घेताना तो हसत नाही.

एकदा विचारलं, आधी हात धुवायचं कोणी शिकवलं?

"शिकवलं नाय. कोणी तरी माझ्या नखांवर बोललं होतं."

पाना टक् वाजला. मी चूल बघायला गेले. चूल तर इंजिन घरात आल्यापासून विझलेली होती.

नवव्या दिवशी अंगणात लोखंडी घोडीवर इंजिन सुरू झालं. कोंबड्या छपरावर चढल्या. नवसू लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवून, मूठ कानाला लावून ऐकत राहिला. मग ते नाशिकला गेलं. आठवड्याने डॉक्टरांचा फोन आला. गाडी दिवसभर ट्रॅकवर पळाली, इंजिन टिकलं. नवसू "बरं" म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या दगडावर पाण्याचा आवाज आला. घरात इंजिन नव्हतं, साधा बोल्टही उरला नव्हता. तरी नवसू ब्रशने नखं घासत बसला होता.

"आता कशाला रे घासतोस?"

"तुझ्याकडं चहा घ्यायचा ना."

मी माझी नखं बघितली. चुलीच्या काजळीने काळीभोर. तशाच हातांनी दोन कप भरले.