दुर्बिणीला केलेला नमस्कार

नवस बोलताना मी फार विचार करत नाही. (तो देव करतो.) त्यामुळे मामंजी जेव्हा म्हणाले, "सूनबाई, मोतीबिंदू वाढतोय, ती दीर्घिका एकदा पुन्हा दिसायला हवी होती," तेव्हा मी तिथल्या तिथे बोलून गेले, "मामंजींना ती दिसेपर्यंत माझा चहा बिनसाखरेचा!"

दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेची फार लांबची बहीण. ही तर इतकी फिकट, की जुन्या यादीत तिच्यापुढे प्रश्नचिन्हच आहे. कुणा एकाने पाहिली म्हणे, पुढच्यांना सापडलीच नाही. मामंजींना मात्र लग्नाच्या नव्या दिवसांत याच गच्चीवरून दिसली होती. सासूबाईंनाही. "पण ती माझं मन राखायला हो म्हणाली असेल," असं ते अजून म्हणतात. सासूबाई गेल्या, आता विचारायचं कुणाला?

अमावास्येला, जेवणाआधीच, दुर्बीण गच्चीवर आली. मी देवापुढच्या दिव्याची वात सारखी केली, वर गेले आणि त्याच बोटाने भिंगाला हात लावून मनोभावे नमस्कार केला.

मामंजींनी डोळा लावला. "सापडली! अगं, केवढी मोठी!"

मी धावत खाली जाऊन चहात दोन चमचे साखर घातली. कप घेऊन वर येते तो आमचे हे दुर्बीण फिरवत होते.

"बाबा, ती पाण्याच्या टाकीवरही आहे."

"काय?"

"शेजारच्यांच्या अँटेनावरसुद्धा."

चष्म्यांच्या दुकानात जन्म घालवलेल्या मामंजींनी भिंग काढून हुंगलं. "सूनबाई, ही तेलाची आहे."

मी कप पदराआड केला.

भिंग स्वच्छ पुसून त्यांनी दुर्बीण पुन्हा लावली. "आता तू बघ. सरळ नको, जरा तिरकं. फिकट वस्तू तिरक्या नजरेलाच दिसतात."

"तिला सवय आहे," हे पुटपुटले.

मी (यांच्याकडे बघते तसं) तिरकं बघितलं. "मामंजी, ताटलीत सांडलेलं दूध बोटाने पुसल्यावर उरतं ना, तसं काहीतरी आहे."

मामंजींनी एकेक बोट दुमडलं. मग म्हणाले, "ताटली, दूध, बोट. तुझी सासू अगदी हेच म्हणाली होती. म्हणजे खरंच दिसली होती तिला!"

त्यांनी स्वतः डोळा लावला. नुसता काळोख. तरी किती तरी वेळ हसत बघत राहिले.

मी हळूच कप ओठांना लावला.

"थांब," मामंजी म्हणाले. "नवस मला दिसण्याचा होता."

ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे, देव दयाळू आहे. तोवर चहा कडू. आणि दुर्बिणीला नमस्कार मी जिन्यातूनच करायचा, असं घरात एकमताने ठरलं आहे.