अकरावा हिस्सा

दारू पिऊन वाहन चालवणे वाईट, याबद्दल आमच्या बुकाल गावात दुमत नाही. अजून प्रत्यक्ष चालवणारा मात्र कुणी सापडलेला नाही. चौकशी समितीचा सचिव या नात्याने मी हे सुवाच्य अक्षरात नोंदवले आहे.

बाब अशी. गावप्रमुख कप्तान डेमेट्रियो यांच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला दुपारी अकरा जण अंगणात जिनच्या बाटलीभोवती बसले. पेला एकच. त्यांच्यातला नोनोय तो भरतो आणि पुढे देतो. नको म्हटले तर यजमानाचा अपमान. त्यामुळे आमच्याकडे कुणी पीत नाही, सगळे शिष्टाचार पाळतात.

चार वाजता त्यांच्यातला तीनचाकीवाला रोडेलियो उठला. त्याने बारा वेळा शिष्टाचार पाळला होता. त्याच्या तीनचाकीत शाळेच्या सेल्साबाई घरी जायला बसल्या. पुलापाशी रस्ता उजवीकडे वळला, रोडेलियो सरळ गेला. त्याला खरचटलेही नाही. बाईंचा पाय दोन ठिकाणी मोडला.

समितीवर तेच अकरा जण नेमले (घटनेची इतकी जवळून माहिती दुसऱ्या कुणाला असणार?).

"मी कुठे प्यायलो? नोनोयने दिली," रोडेलियो म्हणाला.

"मी नुसती ओतली. बाटली कप्तानांची," नोनोय म्हणाला.

"बाळच नसतं तर बाटली आणली असती का?" कप्तान म्हणाले.

बाळाचा जबाब घेता आला नाही (वय चार महिने, शिवाय झोपलेले). अखेर दोष सर्वांत सारखा वाटला. प्रत्येकी नऊ पूर्णांक नऊ शतांश टक्के. उरलेला एक शतांश बाळाच्या नावावर.

बाई कुबड्या घेऊन आल्या. "मला टक्के नकोत. 'माझं चुकलं' म्हणणारा एक माणूस दाखवा."

"अहो बाई, अकरा जण थोडंथोडं म्हणतायत ना?" कप्तान समजुतीने म्हणाले.

"वर्गात खिडकी फुटली की एक तरी पोरगं हात वर करतं."

हात कुणीच वर केला नाही. नोनोयचे तर रिकामेही नव्हते, एकात बाटली, दुसऱ्यात पेला.

मीही केला नाही. मला मधुमेह आहे, थेंब घेत नाही, म्हणून अकरांत माझी गणती नाही. बसताना रोडेलियोने किल्ली माझ्याकडेच दिली होती. "दादा, मी प्यायलो तर किल्ली मागितली तरी देऊ नका." चार वाजता त्याने चारदा मागितली. तीनदा मी नाही म्हटले. चारचौघांत चौथ्यांदा नाही म्हणणे मला बरे दिसेना.

बाई दारातून वळल्या. "दादा, किल्ली तुम्ही दिलीत, म्हणून मी बसले. म्हटलं, हे शुद्धीत आहेत."

हे वाक्य इतिवृत्तात घेतले नाही. त्यात रकाने फक्त पिणाऱ्यांचे आहेत.

वाचकहो, तुम्हीही घेत नसाल. तर मग मागच्या लग्नात त्या झोकांड्या खाणाऱ्या पाहुण्याला चपला शोधून देऊन, गाडीत बसवून, "सांभाळून जा हं" असे कोण म्हणाले होते?