सरावाची सुनावणी

माणसाला हक्क असणं आणि हक्काची जाणीव असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली देणं अवघड असतं, कारण त्यात कुणाचं तरी नुकसान होतं. दुसरी एका शिबिरात देता येते, चहा-बिस्किटांसह.

ओढ्याकाठच्या वस्तीला या जाणिवेची नितांत गरज होती. वरच्या अंगाला रंगाचा कारखाना असल्यामुळे तिथला ओढा सोमवारी निळा, तर गुरुवारी तांबडा वाहतो. (रविवारी कारखान्याला सुट्टी. त्या दिवशी ओढ्याला स्वतःचा रंग असतो, पण तो कोणता, यावर जाणकारांत मतभेद आहेत.) आता हा कारखाना दुप्पट वाढणार होता आणि त्यासाठी रहिवाशांची जाहीर सुनावणी घेणं बंधनकारक होतं.

वस्तीतल्या लाँड्रीवाल्या मावशींचा धंदा ओढ्यालगतच्या विहिरीवर चालायचा. पांढरे शर्ट घेऊन गुलाबी परत करायची पाळी त्यांच्यावर आली होती आणि अर्धी गिऱ्हाइकं तुटली होती. तक्रार घेऊन त्या पर्यावरण कचेरीत इतक्यांदा गेल्या होत्या, की त्यांना पाहताच शिपाई पंखा बंद करायचा.

सुदैवाने एक संस्था मदतीला धावून आली. ‘पर्यावरणीय हक्क व सुशासन सक्षमीकरण शिबिर’ हे नाव फलकावर मावेना, म्हणून फलक वाढवला. तो नीट दिसावा, म्हणून वस्तीतलं एकुलतं एक झाड छाटलं. शिबिराने शहाण्णव टक्के रहिवाशांची जाणीव वाढली. (उरलेले चार टक्के पाणी आणायला गेले होते.)

शेवटच्या दिवशी सरावाची सुनावणी ठेवली होती. प्रशिक्षकबाई अनुभवी. म्हणाल्या, “आपली बाजू कुणालाही मांडता येते. जरा समोरच्याच्या जागी बसून बघा.” त्यानुसार शिंपी कारखान्याचा मालक झाला, न्हावी त्याचा वकील, आणि सर्वांत कडव्या विरोधक म्हणून मावशींना सुनावणी घेणाऱ्या साहेबांची खुर्ची मिळाली.

मावशींनी कमाल केली. चष्मा कपाळावर, नजर मोबाइलमध्ये. तक्रारदार बोलत असताना त्यांनी चहा मागवला. मालकाला मात्र उठून खुर्ची दिली. शेवटी घसा खाकरून म्हणाल्या, “विकासही बघायला पाहिजे ना! हरकती फेटाळल्या. परवानगी दिली.” लोक टाळ्या वाजवत पोट धरून हसले. मावशीही हसल्या, कितीतरी दिवसांनी हसल्या.

संस्थेने या यशाचा वृत्तांत फोटोंसह कचेरीला पाठवला. तिथले खरेखुरे साहेब तो वाचून भारावले. रहिवासी हजर, दोन्ही बाजू ऐकलेल्या, निर्णय जाहीर, वर टाळ्या! इतकी निर्दोष सुनावणी त्यांना स्वतःला कधी जमली नव्हती. त्यांनी तीच ग्राह्य धरली. (पुन्हा घेणं म्हणजे वीज-पाण्याचा अपव्यय, आणि कचेरी पर्यावरणाची.)

मावशी धावतच कचेरीत पोचल्या.

“अहो साहेब, ती नक्कल होती!”

“नक्कल? मावशी, माझ्यापेक्षा एक शब्द तरी वेगळा बोललात का?”

“माझी विहीर जाईल हो,” एवढंच मावशी म्हणाल्या आणि भर कचेरीत रडल्या.

साहेबांनाही वाईट वाटलं. “मी तरी काय करू? निर्णय तुमचा आहे. लोकांच्या सहभागाचा मान मला राखायलाच हवा.”

लाँड्री आता बंद आहे. मावशींना संस्थेने साहेबांच्या भूमिकेसाठी कायम नेमलं आहे, आणि वेगवेगळ्या वस्त्यांमधले बरेच कारखाने त्यांच्या हातून मार्गी लागले आहेत. पोटासाठी करावं लागतं. काम चोख करतात, फक्त आता हसत नाहीत.

यापुढचं शिबिर आपल्या भागात आहे. आपण येण्याची तसदी घेऊ नये. जागरूक नागरिकाच्या भूमिकेसाठी माणूस मिळाला आहे आणि तो आपल्याला हुबेहूब वठवतो: सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतो, “अगदी खरंय” म्हणत मान हलवतो, मनापासून हसतो आणि घरी जाऊन झोपतो.