टिपणीसांचा ड्रमर

टिपणीसांनी मला त्यांच्या बँडमधून चार वेळा काढलं. चारही वेळा फोनवर, आणि चारही वेळा मी घरी नसताना. आन्सरिंग मशीनवर निरोप असायचा, "टिपणीस बोलतोय. उद्यापासून येऊ नकोस." महिना-दीड महिन्याने त्याच मशीनवर, त्याच आवाजात, "टिपणीस बोलतोय. शुक्रवारी सहा वाजता." मधल्या काळात नेमकं काय बिघडलं आणि काय सुधारलं, हे विचारायची सोय नव्हती.

मनोहर टिपणीस म्हणजे सरकारी रस्ते खात्यातून रिटायर झालेले इंजिनिअर. सत्तरच्या दशकात नागपूरहून कॅनडात, रेजिनाला आले, पहिल्याच हिवाळ्यात एका बारमध्ये ब्लूज ऐकला आणि बिघडले. 'बिघडले' हा शब्द त्यांच्या बायकोचा, मालतीकाकूंचा. तिथून पुढे तीस वर्षं हा माणूस दिवसा हायवेचे नकाशे काढायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसचाच टाय लावून स्टेजवर उभा राहून हार्मोनिका वाजवायचा. हार्मोनिकाला माऊथ ऑर्गन म्हटलेलं त्यांना खपत नसे. "माऊथ ऑर्गन पिकनिकला वाजवतात. हा हार्प आहे."

मी नोकरीसाठी रेजिनात आलो तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. मी पुण्यात कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं. पहिल्या भेटीत मी वाकून नमस्कार केला आणि 'काका' म्हणालो. "घरात काका. बेसमेंटमध्ये टिप," ते म्हणाले आणि खाली तालमीच्या जागेकडे जिना उतरायला लागले.

वाजवायचे मात्र असे, की ऐकणाऱ्याने हातातला ग्लास खाली ठेवावा. बाकीचे हार्पवाले फुंकतात, टिपणीस ओढायचे. श्वास आत घेताना सूर असा खाली वाकवायचे, की एखादं माणूस बोलता बोलता रडू आवरतंय असं वाटावं. आणि मधेच थांबायचे. ऐन रंगात आलेल्या सोलोमध्ये दोन-दोन ओळी नुसत्या मोकळ्या सोडायचे. आम्ही कुणी ती जागा भरायला गेलो की संपलं. "तिथं कुणी बोलावलं होतं तुला?"

या मोकळ्या जागांपायी बँडमध्ये माणूस टिकत नसे. सुरुवातीला म्हणे पियानो होता, दोन गिटार होत्या. पियानोवाला फार बोटं चालवतो म्हणून गेला. एक सॅक्सोफोनवाला वाजवताना हसतो म्हणून गेला. एक गिटारवाला स्वतःच सोडून गेला, तर टिपणीसांनी त्याला फोन करून पुन्हा रीतसर काढलं. गणपतीत मराठी मंडळींनी त्यांना एकदा हौसेने बोलावलं. त्यांनी दहा मिनिटं एक संथ ब्लूज वाजवला. पुढच्या रांगेतून कुणी म्हणालं, "आता एखादं भावगीत होऊ दे." "हे भावगीतच होतं," असं म्हणून ते प्रसादही न घेता निघून गेले.

एक माणूस मात्र कधीच निघाला नाही. रॉन, ड्रमर. शेतकऱ्याचा मुलगा, गाड्यांच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक, दारासारखा रुंद. टिपणीस रेजिनातल्या त्या पहिल्या बारमध्ये कोपऱ्यात एकटे बसायचे, तेव्हा त्यांच्या टेबलापाशी येऊन बसलेला पहिला माणूस रॉन. बर्फावर गाडी चालवायला त्यानेच शिकवलं. तीस वर्षांत टिपणीस रॉनवर कधी आवाज चढवून बोलले नव्हते, आणि टिपणीसांना तोंडावर 'स्टबर्न ओल्ड म्यूल' म्हणायची मुभा फक्त रॉनला होती.

मी आल्यावर चौथ्या वर्षी आमची लय बिघडायला लागली. गाणं सुरू व्हायचं एका वेगाने आणि संपायचं दुसऱ्याच. टिपणीस माझ्यावर खेकसायचे, "मागे पडतोयस तू!" मी मागे पडत नव्हतो. मी घरी घड्याळ लावून सराव केला, तरी पुढच्या शुक्रवारी तेच. "बेस नीट धर, नाहीतर बंद कर!" उरलेला गिटारवाला माझ्याकडे कीव आल्यासारखा बघायचा. त्या वर्षी मशीनवर मला काढल्याचा चौथा निरोप आला. परत बोलावलं तेव्हा त्यांनी सगळी गाणी मुद्दाम संथ करून टाकली होती. "फास्ट वाजवणं हे पोराटोरांचं काम," ते म्हणाले. रॉनने मान डोलावली. त्याच्या हातातून काठी निसटली, ती त्याने उचलली आणि म्हणाला, "इट्स कोल्ड इन हिअर, टिप." बेसमेंटमध्ये आम्ही बाकीचे घामेजलो होतो.

आणि तेव्हाच कॅल्गरीच्या एका मोठ्या ब्लूज फेस्टिवलचं बोलावणं आलं. अशा बोलावण्याची त्या दोघांनी जन्मभर वाट पाहिली होती. रॉनने नवा शर्ट घेतला, बायकोला सांगितलं, कॅल्गरीतल्या मुलीला कळवलं. निघायला तीन आठवडे उरले असताना टिपणीसांनी आम्हाला खाली बोलावलं आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "मी कंटाळलोय. तुम्हा सगळ्यांचा कंटाळा आलाय मला. बँड संपला."

रॉन स्टुलावरून उठला. "थर्टी इयर्स, टिप. आणि माझी वेळ आली तर तू कंटाळलास? तुला कधी कुणी माणूस नकोच होता. तुला फक्त स्वतःचा आवाज हवा होता."

"तसं समज," टिपणीस म्हणाले.

रॉन काठ्या तिथेच टाकून गेला. त्यानंतर मीही गावभर सांगत फिरलो की म्हातारा अहंकारी आहे, त्याने रॉनचा घात केला. ऐकणाऱ्यांना ते लगेच पटायचं. टिपणीसांबद्दल वाईट ऐकायला रेजिनात फार माणसं तयार होती.

खरं काय ते वर्षभराने मालतीकाकूंनी सांगितलं. फेस्टिवलवाल्यांच्या माणसाने आमचं वाजवणं येऊन ऐकलं होतं. त्याने पत्र पाठवलं, की बँड उत्तम आहे, फक्त ड्रमर आम्ही इथला देऊ. "ते पत्र यांनी सिंकमध्ये जाळलं," काकू म्हणाल्या. "मला म्हणाले, रॉनला हे कळता कामा नये. तुला बोल लावत होते ना, तेही त्याचं झाकायलाच. मला माहीत होतं. सॉरी हं."

मला काय वाटायला हवं होतं कोण जाणे. मला आधी राग आला, तोही स्वतःच्या वर्षभराच्या अपमानाचा. गावभर जे बोललो होतो, त्याची लाज बऱ्याच उशिराने वाटली.

पुढे रॉनचे हात पारच गेले आणि त्याला केअर होममध्ये ठेवलं. टिपणीसांना मोतीबिंदू झाला, गाडी चालवणं बंद झालं. दर रविवारी दुपारी ते रॉनला भेटायला जातात, तर या वेळी तू सोड, असा काकूंचा फोन आला. मी घेऊन गेलो. रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांना ओळखलं, आत जाऊन आली आणि नजर चुकवून म्हणाली, "आय अॅम सॉरी, नॉट टुडे." टिपणीसांनी मान हलवली आणि कॉरिडॉरमधल्या खुर्चीवर बसले, कोट न काढता.

"नेहमी असंच?" मी विचारलं.

"हो."

"किती दिवस?"

"इथे आल्यापासून. तासभर बसतो. मग हिला सांगतो, बरा आहे."

"काका, मी आत जाऊन सांगतो त्याला. ते पत्र, सगळं."

त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हातात अजून ताकद होती. "काय सांगशील? की त्याला जमत नव्हतं म्हणून? अरे, त्याला वाटतं मी आडवा आलो, नाहीतर तो अजून वाजवत असता. तेवढं एक उरलंय त्याच्याकडे. ते काढून घेऊ नकोस."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो. रॉनच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत रेडिओवर काहीतरी लागलं होतं आणि रॉन चमच्याने ट्रेवर ताल धरत होता. ताल कसला, अडखळत होता. दोन ठोके पडायचे, तिसरा हरवायचा, चौथा भलतीकडेच. रेडिओ कुठल्या कुठे पुढे निघून गेलेला.

मी टिपणीसांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि बुटाचं टोक जमिनीवर हलत होतं. ते रेडिओबरोबर नव्हतं. चमचा थांबला की थांबत होतं, पडला की पडत होतं.