ध्रुवसेनाचा सातवा भाग

चांदीची वाटी पालघरच्या सोनाराकडून नाव कोरून आली, तेव्हा बारशाला दोन दिवस उरले होते. 'चि. ध्रुवसेन' ही अक्षरं इतकी सुबक होती, की मंगलाताईंनी वाटी पदराने तीनदा पुसली, देवापुढे ठेवली आणि मग कौतुकाने विहीणबाईंना दाखवली. इथेच चुकलं.

खरं तर बाळंतपण माहेरी, सफाळ्याला व्हायचं होतं. पण डॉक्टरांनी मंगलाताईंच्या भावजयीला, विजयाला, प्रवास करू दिला नाही, म्हणून तिची आई काशीबाईच महिनाभर चिंचणीला मुक्कामाला आली होती. महिनाभरात काशीबाईंनी मिठाची बरणी डावीकडून उजवीकडे नेली होती, आणि मंगलाताईंनी ती दर संध्याकाळी परत डावीकडे ठेवली होती. एवढ्यावरच भागत होतं.

"ध्रुवसेन?" काशीबाईंनी वाटी डोळ्यांपासून लांब धरून वाचलं. "हा कोण?"

"नभयानातला कप्तान हो! टीव्हीवर नव्हता का लागत रविवारी सकाळी?"

काशीबाईंनी वाटी पाटावर उलटी ठेवली. "तो चोर? माझ्या नातवाला चोराचं नाव?"

मंगलाताईंच्या हातातली पळी तिथेच थांबली. आई लवकर गेली, तेव्हापासून धाकट्या भावाला, विश्रामला, त्यांनीच वाढवलं होतं. त्याच्या मुलाचं नाव ठेवायचं तर आत्यानेच, आणि ते नाव त्यांनी वर्षभर मनात जपून ठेवलं होतं. ध्रुवसेन म्हणजे कसा माणूस! स्वतः उपाशी राहून खलाशांना खाऊ घालणारा, हिरव्या तोंडाच्या शत्रूलाही पाणी पाजणारा. शेवटच्या भागात तर एका पांढऱ्या केसांच्या म्हातारीला स्वतःची प्राणवायूची नळकांडी देऊन टाकतो. कोण कुठली म्हातारी, पण दिली!

"चोर तुमच्याकडे असतील, सफाळ्याला," त्या म्हणाल्या.

"मी पहिल्या रविवारपासून बघितलंय, मंगलाताई. सहा रविवार. मग आमच्या टीव्हीची नळी गेली. तुमी कधीपासून बघितलं?"

मंगलाताई पळी पुसू लागल्या. त्यांच्याकडे टीव्ही आला होता गणपतीत, आणि तोवर मालिकेचे सात भाग होऊन गेले होते.

भांडण विश्रामने मिटवलं. म्हणजे त्याला तसं वाटलं. त्या काळी घरात कार्य निघालं की व्हिडिओ भाड्याने आणायची पद्धत होती. रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि एखादा देवादिकांचा सिनेमा. "त्यापेक्षा नभयानच लावू," विश्राम म्हणाला. "बोईसरच्या व्हिडिओवाल्या रामसजीवनकडे सगळे तेरा भाग भरलेले हायेत. दुकानात माशा मारत बसायचा, तेव्हा भरले त्याने. सगळे मिळून परत बघू. माणूस चांगला निघाला तर ध्रुवसेन. वाईट निघाला तर..."

"तर जनार्दन," काशीबाई लगेच म्हणाल्या. जनार्दन हे त्यांच्या वडलांचं नाव.

"ठरलं," मंगलाताई म्हणाल्या. आपल्या कप्तानावर त्यांचा भरवसा होता.

बारशाच्या दिवशी सकाळी दहा वाजता पडवीत चाळीस माणसं चटयांवर बसली. मुहूर्त संध्याकाळी पाचचा होता. रामसजीवनने तारा जोडल्या. व्हीसीआरचं उघडं यंत्र पाहुण्यांपुढे बरं दिसेना, म्हणून मंगलाताईंनी त्यावर स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल घातला आणि पहिल्या रांगेत बसल्या.

पहिल्याच भागात ध्रुवसेनाने यानाच्या कोठारातली साखर चोरली.

"साखर!" मागून तानीआजी म्हणाल्या. त्यांचं अख्खं आयुष्य रेशनच्या रांगेत गेलं होतं. "साखर चोरलीन् मेल्याने!"

"भूक लागली असेल," मंगलाताई म्हणाल्या.

दुसऱ्या भागात त्याने ती साखर खलाशांनाच चढ्या भावाने विकली. तिसऱ्यात चंद्रावर हिरव्या तोंडाच्यांनी हल्ला केला. तो चंद्र म्हणजे उघड उघड कुठली तरी दगडाची खाण होती, एका कोपऱ्यात बकरीही दिसून गेली. ध्रुवसेन धावत यानात चढला, दार लावलं आणि उडाला. खाली त्याची थोरली बहीण हात हलवत राहिली.

पडवीभर 'अरेरे' झालं.

"बहीण?" मंगलाताईंनी मागे वळून विचारलं. "त्याला बहीण होती?"

"आईवेगळ्या पोराला तिनेच वाढवलेलं," काशीबाई शांतपणे म्हणाल्या. "पहिल्या भागात सांगितलं ना. तुमी तेव्हा रुमाल सारखा करत होतात."

मंगलाताई उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. तिथून त्यांना पुढच्या तीन भागांतल्या शिव्या तेवढ्या ऐकू आल्या. चौथ्यात त्याने म्हाताऱ्या वैद्याचा चष्मा लांबवला. पाचव्यात शत्रूला यानाची किल्ली दिली. सहाव्यात तर यंत्रमानवाला गहाण टाकलं, आणि तो पिंपासारखा यंत्रमानव असा काही रडला, की तानीआजींनी टीव्हीच्या काचेवर चप्पल उगारली. रामसजीवन मध्ये आडवा आला. "अम्माजी, मेरा टीवी है! वो आदमी अंदर नहीं है!"

जेवणं झाली. मंगलाताई शिजलेल्या घुगऱ्यांचं पातेलं घेऊन बाहेर आल्या. हात भाजत होते, चटयांवर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि समोर क्रोशाच्या रुमालाखाली एक सपाट, छानसं टेबल दिसत होतं. त्यांनी पातेलं त्यावर ठेवलं.

पडद्यावर सातवा भाग सुरू झाला. ध्रुवसेन एकटाच खिडकीशी उभा होता. डोळ्यांत पाणी होतं. तो म्हणाला, "आज मुझे समझ में आया कि..."

आणि पडदा पांढराफटक झाला. यंत्रातून घरघर, मग चिरचिर आणि मग हरभऱ्यांची वाफ बाहेर आली.

"अरे दीदी!" रामसजीवनने डोक्याला हात लावला. पातेलं उचललं, झाकण खोललं आणि आतून फीत ओढू लागला. शेवया ओढाव्यात तशी ती येतच राहिली. चुरगळलेली, वळलेली, मधूनच घुगरी चिकटलेली. शेवटी त्याने कात्रीने ती खराब फीत कापली, दोन टोकं चिकटवली आणि वर टेबलफॅन लावला.

"काय गेलं?" विश्रामने विचारलं.

"सातवाँ. पूरा."

"त्यात काय होतं?"

"मुझे क्या मालूम भैया, मैं तो सिर्फ टेप करता था."

काशीबाईंनी सातवा बघितला नव्हता. मंगलाताईंनीही नव्हता. पडवीतल्या चाळीस माणसांत एकानेही बघितला नव्हता.

आठवा भाग लागला, आणि ध्रुवसेन सरळ यंत्रमानवाला सोडवून आणताना दिसला. नवव्यात वैद्याला नवा चष्मा दिला. दहाव्यात उपाशी राहिला.

"हा एकाएकी कसा सुधारला?" लोक एकमेकांना विचारू लागले.

"लग्न झालं असेल," एक म्हणाला.

"लग्नाने कोण सुधारतो?" त्याची बायको म्हणाली.

"मार पडला असेल," तानीआजी म्हणाल्या. "सातव्यात चांगला चोपला असेल कुणीतरी."

काशीबाई मात्र सरकत सरकत पहिल्या रांगेत, मंगलाताईंच्या रिकाम्या जागेवर येऊन बसल्या होत्या. तेराव्या भागात तीच ती दगडाची खाण पुन्हा आली. ध्रुवसेन खाली उतरला. पांढऱ्या केसांची एक बाई दगडाला टेकून बसली होती. त्याने पाठीवरची नळकांडी काढून तिच्या तोंडाशी लावली आणि म्हणाला, "दीदी, देर हो गई."

काशीबाईंनी पदर तोंडात कोंबला. दारात उभ्या मंगलाताईंनी हा भाग पूर्वी बघितला होता. कोण कुठली म्हातारी, असंच त्यांना वाटलं होतं.

पाचला दहा कमी होते.

"आणा हो ती वाटी!" काशीबाई नाक पुसत उठल्या. "नाव ध्रुवसेनच. असा माणूस होणे नाही!"

"मी ठेवणार नाय," मंगलाताई म्हणाल्या. "जनार्दनच ठेवा."

"अहो, माझा बापच जनार्दन! दारू पिऊन माळ्यावर निजायचा, ते काय तुमाला ठाऊक नाय! ध्रुवसेन ठेवा."

"बहिणीला चंद्रावर टाकून पळालेल्याचं नाव मी माझ्या भाच्याला देऊ?"

"न्यायला आला की परत!"

"केस पांढरे झाल्यावर!"

पाळण्यात बाळ रडायला लागलं. विश्राम पुढे झाला. "ताई, मीपण तुला तारापूरच्या जत्रेतून येताना सायकलवरून पाडलं होतं."

"पाडलं नाय. पडले ते तुला कळलंसुद्धा नाय."

"मग न्यायला आलो ना परत?"

"जेवून आलास."

पडवी हसली. हसल्या नाहीत त्या काशीबाई. त्यांनी मंगलाताईंचा हात धरला. "तुमचं स्थळ आलं तेव्हा मी नकोच म्हणत होते, ठाऊक हाय ना? पोराने तीन नोकऱ्या सोडलेल्या, चौथीवर जात नव्हता. तेव्हा तुमी सफाळ्याला आलात, माझ्या ओट्यावर बसलात, आणि काय म्हणालात?"

मंगलाताई हात सोडवू लागल्या.

"म्हणालात, 'विहीणबाई, थोडं थांबा. तो सुधारेल.' मी थांबले. सुधारला. का सुधारला ते मला आजतागायत कळलं नाय. तुमाला तरी कळलंय?"

"नाय," मंगलाताई म्हणाल्या. आणि पाळण्याकडे वळल्या.

त्या बाळाच्या कानाशी वाकल्या. "कुर्रर्र..." रिवाजाप्रमाणे बायकांनी त्यांच्या पाठीत धपाटे घातले. सगळ्यात जोराचा काशीबाईंचा होता, त्यात महिनाभराची मिठाची बरणी होती. मग घुगऱ्या वाटल्या. रामसजीवनला दोन ओंजळी जास्त मिळाल्या, पण त्याने आधी प्रत्येक घुगरी उलटसुलट करून तपासली.

या गोष्टीला आठ वर्षं झाली. परवा दुपारी शेजारची नवसी तावातावाने अंगणात आली. "आत्या, तुमच्या ध्रुवसेनाला सांभाळा! आमच्या वाडीतले चिकू चोरलेन्, वर माझ्या पोरीला झाडावर चढवून शिडी घेऊन पळाला! पोरगी तासभर वरच!"

मंगलाताई सुपात तांदूळ निवडत होत्या. शेजारी काशीबाई, पुन्हा मुक्कामाला आलेल्या, खडे वेचत होत्या. दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"तिसरा भाग चालू हाय," काशीबाई म्हणाल्या.

"हो," मंगलाताई म्हणाल्या. "नवसी, बस तू. चहा घे. सातव्या भागात सुधारेल तो."

"सातव्यात? काय होणार हाय सातव्यात?"

मंगलाताईंनी सूप एकदा पाखडलं.

"ते कुणालाच ठाऊक नाय गो," त्या म्हणाल्या. "तेवढी फीत आमी शिजवली."