डोळस चिवडा

डोंबिवली पूर्वेला गुन्हे कमी का घडतात, असं मधुकर घैसासांना कुणी विचारत नसे. ते आपण होऊन सांगत, "कारण मी इथे राहतो." त्यांची नजर घारीची होती, कान सशाचे होते आणि नाक तर, त्यांच्याच शब्दांत, पोलिसांच्या कुत्र्याला न्यूनगंड देईल असं होतं. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दारावर 'खासगी अन्वेषक' अशी पाटी लावली. तिच्याखाली त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंनी 'दूधवाल्याने बेल वाजवू नये' अशी दुसरी लावली. लोक दुसरीच वाचत.

ठाकुर्लीच्या हरवलेल्या मांजराचं प्रकरण त्यांनीच सोडवलं होतं. म्हणजे ते मागावर पार ठाण्याला, टेंभी नाक्यापर्यंत गेले आणि तेवढ्यात मांजर घरी येऊन, दूध पिऊन झोपलं. "माझ्या दबावामुळे परतलं," असा खुलासा त्यांनी केला. प्रमोदिनीबाई या सगळ्यात मदतनीस. चहा करायचा, चष्मा शोधून द्यायचा आणि निष्कर्ष ऐकून 'अद्भुत!' म्हणायचं, असं त्यांचं काम ठरलेलं होतं. पहिली दोन कामं त्या नेमाने करत. तिसरं काही केल्या तोंडातून निघत नसे.

पण या वेळी प्रकरण त्यांच्याच जिवाला लागलं होतं. लेक उर्वी सीएच्या शेवटच्या परीक्षेला बसली होती, तीही आधी दोनदा आपटून. पोरीने नखं खाऊन संपवली होती. निकाल लागेपर्यंत एकही संकष्टी चुकवणार नाही, असं प्रमोदिनीबाई गणपतीला बोलून बसल्या होत्या. शेवटची संकष्टी नेमकी निकालाच्या आदल्या दिवशी आली. घरात बसून नुसता घोर लागेल, म्हणून शेजारच्या देवयानीताईंनी त्यांना दुपारच्या खेळाला ओढून नेलं.

सिनेमाला जाताना खाणं घरून न्यायचं, ही प्रमोदिनीबाईंची रीत. दारावरच्या रखवालदाराने पर्स चाचपून "आंटी, ये क्या है?" असं विचारलं, तेव्हा "औषध" असं सांगून त्यांनी स्टीलचा डबा आत नेला. डब्यात उपासाचा बटाट्याचा चिवडा होता. पुढचे नियमही ठरलेले होते. झाकण फक्त मारामारीच्या वेळी उघडायचं. आपण चिमूट घ्यायची आणि डबा रांगेत पुढे सरकवायचा. त्यात दुसऱ्यांदा हात घालणाऱ्याला संस्कार नसतात.

रांगेत आधी प्रमोदिनीबाई, मग देवयानीताई आणि त्यांच्या पलीकडे मधुकरराव होते. नवऱ्याशेजारी त्या मुद्दामच बसत नसत, कारण सुरुवातीच्या नावांच्या पाट्या संपायच्या आत ते खुनी कोण ते सांगत आणि ते हमखास चुकत असे. टोकाला हौसाबाई बसल्या होत्या. त्यांच्या भातखाचरांवरच घैसासांची सोसायटी उभी राहिली होती आणि तिच्यात आता त्यांचे चार फ्लॅट होते.

पहिल्याच मारामारीला डबा निघाला. मध्यंतरानंतर, दुसऱ्या मारामारीला, तो परत आला. प्रमोदिनीबाईंनी अंधारात मूठभर चिवडा तोंडात टाकला. काय चव लागली म्हणता! खारट, तिखट, कुरकुरीत. आपल्या हाताला आज ही चव कुठून आली, म्हणत त्यांनी आणखी एक मूठ घेतली. मग दिवे लागले. त्यांनी डब्यात पाहिलं, तर चिवडा त्यांच्याकडे पाहत होता.

त्याला डोळे होते. बारीक, काळे, जोडीजोडीने.

"अगं बाई, जवळा!" देवयानीताई किंचाळल्या. "सुकी मासळी! आज? संकष्टीला?"

घैसासांच्या सात पिढ्यांत कुणी मासळीला बोट लावलं नव्हतं. प्रमोदिनीबाईंनी झाकण घट्ट लावलं. उर्वीचं आता कसं होणार, याखेरीज त्यांना काही सुचेना. घरी येऊन त्या देवापुढे रडल्या. मधुकररावांना मात्र हुरूप आला.

"कट आहे," ते म्हणाले. "सिनेमाचा विषय काय होता?"

"तुम्ही होतात ना तिथे?"

"मी डोळे मिटून निरीक्षण करत होतो. समुद्र होता का त्यात?"

"होता."

"थ्रीडी?"

"अहो, पडद्यातून जवळा कसा येईल?"

हा धागा त्यांनी जड मनाने सोडला. मग त्यांनी परत जाऊन थिएटरच्या पॉपकॉर्नवाल्याला धरलं. घरच्या डब्यांमुळे धंदा बसतो, म्हणून तो प्रेक्षकांचे उपास मोडत सुटलाय, असा संशय होता. "काका, मला मक्याशिवाय काय दिसत नाय ओ," तो म्हणाला, आणि त्याच्या मागचं यंत्र पाहता ते खरं वाटत होतं. शेवटी ते देवयानीताईंच्या दारात उभे राहिले.

"भोंडल्याला तुमची खिरापत ओळखली गेली आणि हिची नाही. तेव्हापासून तुम्ही जळता. बोटांचा वास घेऊ द्या."

देवयानीताईंनी बोटं पुढे केली आणि त्याच बोटांनी दार लावून घेतलं. मधुकररावांचं नाक थोडक्यात वाचलं. प्रमोदिनीबाईंची मैत्रीण मात्र गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकररावांनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं. निकाल दुपारी होता आणि उर्वी आतल्या खोलीत फोन उराशी धरून बसली होती. देवयानीताई आल्या, पण भिंतीकडे तोंड करून बसल्या. हौसाबाई साक्षीदार म्हणून आल्या होत्या. डबा मधोमध टीपॉयवर होता. त्यात डोळे ढीगभर होते, पण कामाचा एकही नव्हता.

"काल अंधारात एक थंड डोक्याचा गुन्हेगार..." मधुकररावांनी सुरुवात केली.

"भाऊ, मी काय बोलते," हौसाबाई म्हणाल्या.

"मावशी, तपासात व्यत्यय नको. हा गुन्हेगार डावखुरा आहे, उंच आहे आणि बहुतेक कोपरचा आहे."

"कोपर माजं म्हायेर. पन भाऊ..."

"मावशी!"

"आवो, जवला मीच टाकलाय!"

मधुकररावांचं बोट छताकडे वर गेलेलं होतं, ते तिथेच राहिलं.

"तुम्ही?" प्रमोदिनीबाईंनी विचारलं. "का हो?"

"मंग काय, रिकामा डबा परत धारू? आमच्यात नाय तशी रीत. डबा माज्याकरं आला तवा तलाशी बटाट्याच्या दोन सली खरखरत व्हत्या. माज्या पिशवीत भाजलेला तिखट जवला व्हता, तो भरला नि धारला मागं. मी सोमवार धरते बाय, चतुर्थीचं माना नाय ठाव."

"पण डबा काठोकाठ भरून निघाला होता!" प्रमोदिनीबाई म्हणाल्या. त्यांनी देवयानीताईंकडे पाहिलं. देवयानीताई भिंतीकडून वळल्या. "मी चिमूटभर घेऊन पुढे दिला," त्या सावकाश म्हणाल्या. "पुढे म्हणजे..."

सगळ्यांच्या नजरा मधुकररावांवर खिळल्या. त्यांच्या कालच्याच स्वेटरवर, तिसऱ्या बटणापाशी, बटाट्याची एक सळी लटकत होती.

"मी पुरावा तपासत होतो," मधुकरराव म्हणाले.

"संपेपर्यंत?"

"तपास अर्धवट टाकायची माझी पद्धत नाही."

देवयानीताईंना हसू आवरेना आणि मैत्री तिथल्या तिथे जुळली. प्रमोदिनीबाईंना मात्र हसू येईना. "उपास मोडला तो मोडलाच ना," त्या पुटपुटल्या. हौसाबाईंनी त्यांचा हात धरला. "तू जानून खाल्लंस का? नाय ना? मंग? देवाला काय, अंधारातबी दिसतंय." ते ऐकून प्रमोदिनीबाईंनी डोळे पुसले आणि त्यांना जरा मोकळं वाटलं.

दुपारी आतल्या खोलीतून किंकाळी आली. चष्मा सापडत नसलेले मधुकरराव "खून!" म्हणत धावले. उर्वी पास झाली होती. आईला मिठी मारून ती इतकी रडली की, पास झाल्याचं तीनदा विचारून घ्यावं लागलं.

संध्याकाळी प्रमोदिनीबाईंनी डबा लख्ख घासला आणि पेढे भरून हौसाबाईंकडे पाठवला. हौसाबाई रिकामा डबा कशा परत करतील? जवळा आला. मग तो डबा तरी रिकामा कसा धाडायचा? साटोऱ्या गेल्या. पुन्हा जवळा आला. संकष्टी तेवढी वगळायची, असं दोघींत ठरलं.

हे सुरू होऊन आता बरेच दिवस झाले. परवा मधुकरराव स्वयंपाकघराच्या दारात थांबले आणि त्यांनी मान वर करून हवा हुंगली. प्रमोदिनीबाई ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी चावणं थांबवलं.

"गटार," मधुकरराव म्हणाले. "पूर्वेकडचं. कडेला तुंबलंय. महापालिकेला तिसरी तक्रार करतो. हे नाक चुकत नाही."

प्रमोदिनीबाईंनी घास गिळला, वळून नवऱ्याकडे पाहिलं आणि संसारात पहिल्यांदाच अगदी मनापासून म्हणाल्या, "अद्भुत!"