बापूचा पाना

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर बापूआजोबांची गिटार पाहून तुम्ही हसलात. "तारा एवढ्या वर? वाजणार कशी?" ते रागावले नाहीत, पण उत्तरही दिलं नाही. म्हणून मी लिहिते. मराठी जड गेलं तर आईकडून वाचून घ्या.

तुमचे आजोबा, पण माझा धाकटा भाऊ. मी एकेरीतच लिहिणार. देवासच्या या गृहस्थाच्या खिशात रुमाल कधीच नसे, पाना मात्र कायम. नाक बाहीला पुसेल, पाना विसरणार नाही. गिटारीच्या दांडीच्या मुळाशी त्याने एक स्क्रू बसवला होता. तो पिळला की दांडी कलायची आणि तारा वर-खाली व्हायच्या. माझ्याकडे धारला आला की चहाआधी स्क्रूचं पुराण. "अक्का, पाव सूत खाली घेतली, काय मऊ लागते!" पुरं गाणं मात्र मी एकही ऐकलं नाही. गणपतीत त्याला स्टेजवर बसवलं, तर हा पानाच फिरवतोय. मागून कोणी ओरडलं, "भिया, बजाओगे या कसते ही रहोगे?" सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

त्याची बायको नलिनी गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवी. तिला तारा उंच लागत, याला बोटांनी दाबायला खाली. गिटार एकच. रोज संध्याकाळी तिच्यासाठी वर, मग याच्यासाठी खाली.

"अरे, दुसरी घे की!"

"एका घरात दोन चुली मांडू काय?"

नलिनी सुरेख वाजवायची. हा नाही.

नलिनी गेली, तरी संध्याकाळी तारा वर जातच राहिल्या. "आता कोणासाठी?" मी विचारलं. "सवय," म्हणाला.

यंदा दिवाळीनंतर स्क्रूचे आटे झिजले. दुरुस्तीवाल्याकडे मीही सोबत गेले. तो म्हणाला, "दादा, अब ये पेच नहीं पकड़ेगा. गोंद से जमा देता हूँ, पर फिर हिलेगी नहीं. नीचे ही रखूँ ना, बजाने लायक?"

"नीचे ही," मी म्हटलं. कटकट तरी संपेल.

बापूने पाना काढून काउंटरवर ठेवला. "ऊपर," म्हणाला.

"बापू, अरे तुला वाजवता येणार नाही!"

"मला कुठे येत होतं, अक्का?"

आता त्याच्या खिशात रुमाल असतो. त्याने बापू नलिनीची कांडी पुसतो. गिटार आहे, कांडी आहे, तारा वर आहेत.